बाबांची चाळीस वर्षं, दोन टेराबाईटमध्ये

३ मार्च
आजपासून घरचा सगळा डेटा माझ्या ताब्यात. व्हर्च्युअल सर्व्हर घेतला. दोन टेराबाईट, वर्षभरासाठी, एका चपलेच्या जोडाच्या किमतीत. म्हणजे दूर कुठेतरी कुणाच्या तरी अवाढव्य मशीनमध्ये आपला भाड्याचा खण. हिला समजावलं. म्हणाली, आधी माळा आवर. दूरदृष्टी नाही.

४ मार्च
बाबांनी चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. निगेटिव्ह वाळवीनं खाल्ल्या. स्कॅन केलेले फोटो एका जुन्या डिस्कवर, बाकी कुठेही नाहीत. वाचनालयाच्या बाई त्यातले पन्नास घेऊन सतरा तारखेला प्रदर्शन भरवणार आहेत. बाबांना म्हटलं, काळजी माझ्यावर सोडा. तिथूनच त्यांना काळजी लागली.

५ मार्च, दुपारी १२
अपलोड सुरू. बाबांच्या डिस्कचे फोल्डर डेस्कटॉपवर दिसतातच, कोपऱ्यात छोटा बाण असलेले. तेच उचलून टाकले.

१२.०१
झालं! चार सेकंदांत चाळीस वर्षं! जागा लागली फक्त साठ केबी. याला म्हणतात कॉम्प्रेशन. स्वस्त म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी येऊन बघावं.

६ मार्च
ही म्हणाली, एखादा फोटो उघडून तर बघ. इतका संशयी स्वभाव बरा नव्हे. डिस्क फॉरमॅट केली. माझे कुस्त्यांचे व्हिडिओ भरले.

८ मार्च
सर्व्हरच्या कमांड शिकणार. रोज एक तास.

९ मार्च
उद्यापासून.

११ मार्च
बाईंना फोटो हवेत. सर्व्हरवरून उतरवले. एकही उघडेना. कंपनीला कडक ईमेल. उत्तर आलं, तुम्ही पाठवलेला डेटा सुखरूप आहे. उर्मट लोक!

१२ मार्च
मेहुणीला फोन. ती आयटीत आहे. आधी खूप हसली. ते बाणवाले म्हणे शॉर्टकट होते. म्हणाली, भाऊजी, तुम्ही घर नाही पाठवलंत, नुसता पत्ता पाठवलात. मूळ डिस्क आहे ना?
कुस्त्यांचं सांगितलं. मग ती हसली नाही.

१३ मार्च
डिस्क दुरुस्तीवाल्याकडे. बाबांना म्हटलं, सर्व्हिसिंगला दिलीय. म्हणाले, खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. सगळं सांगून टाकलं. ते उठून खोलीत गेले. जेवायलाही बाहेर आले नाहीत. मीही जेवलो नाही. (थोडा भात.)

१६ मार्च
दोनशे बारा फोटो परत आले! पण नेमके बाबांनी स्वतःच कधीतरी डिलीट केलेले. कुणाचे डोळे मिटलेले, कुणाची जांभई, कुणाचं डोकंच कापलेलं. बाई म्हणाल्या, हेच लावू. माझा विरोध होता. कुणी जुमानला नाही.

१७ मार्च
गर्दी झाली. म्हातारा शिंपी आपल्या नवरीची जांभई बघून डोळे पुसत होता. तासाभरानं बाबा दिसेनात. एका कोपऱ्यात उभे होते, आईच्या फोटोसमोर. हात आडवा धरून आई हसतेय, अर्धा चेहरा झाकलेला. म्हणाले, बिघडला म्हणून स्कॅन करताना काढून टाकला होता मी. ती जाऊन सहा वर्षं झाली.
मला राहवलं नाही. म्हटलं, बाबा, हा सर्व्हरवर ठेवतो, जागा भरपूर आहे.
बाबांनी फोटो भिंतीवरून काढला, शर्टाच्या आत सरकवला आणि गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावून घेतली.