झेरॉक्सवरची खूण

बाई, आज गुडगावच्या नव्या मॉलमध्ये वाद्यांच्या दुकानात बराच वेळ उभी होते आणि सगळा वेळ तुमच्यावर चिडले होते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता चिडून काय उपयोग, तरी. लेकीची पियानोची मोठी परीक्षा आहे. तिला तोच जुन्या जर्मन संगीतकाराचा फ्यूग लागलाय, ज्यात एकच धून या हातातून त्या हातात पळत राहते. पुस्तक एकच घ्यायचं होतं, पण बाहेरचा माल यायला लागल्यापासून एकाच रचनेच्या तीन-तीन आवृत्त्या समोर ठेवतात. विकणारा म्हणाला, "मैम, ये वाली लीजिए, बिल्कुल साफ है. जो कंपोज़र ने लिखा, बस वही." उघडली तर नुसते सूर. हळू कुठे, जोरात कुठे, कुठलं बोट, काही नाही. त्या काळच्या वाद्यावर हळू-जोरात फारसं करताच यायचं नाही म्हणे. मग मी तुमच्याकडे शिकले ते काय होतं?

सरोजिनी नगरच्या तुमच्या क्वार्टरमध्ये बाहेरच्या खोलीत पियानो होता, आणि आतून काकांच्या रेडिओवरच्या बातम्या ऐकू यायच्या. पुस्तक एकुलतं एक, कुणीतरी परदेशातून आणलेलं, खाकी कव्हर घातलेलं. ते तुम्ही कुणाला घरी नेऊ द्यायचा नाहीत. माझ्या वाढदिवसाला मात्र मार्केटातून त्याची झेरॉक्स काढून, स्वतः शिवून हातात ठेवलीत. केवढी मिरवले होते मी. दुसऱ्या पानाच्या शेवटी, जिथे सगळं उसळून वर यावंसं वाटतं, नेमकी तिथेच हळू वाजवण्याची खूण आहे. एकदा मी तिथे दणकून वाजवते आणि तुम्ही माझं मनगट धरता. "अगं, लिहिलंय ते वाच आधी. अक्कल मग चालव." लिहिलंय म्हणजे कुणी, हे विचारायचं मला सुचलं नाही. झेरॉक्समध्ये छापलेलं आणि पेन्सिलीचं सारखंच काळं येतं, बाई. आणि तुमचं पुस्तक तुमच्या माघारी कुठे गेलं, कुणालाच माहीत नाही.

ती झेरॉक्स पर्समध्ये होती. दुकानातच जुळवून पाहिली. कोऱ्या प्रतीत ती खूण नाही. दुसरीत संपादकाने जागोजागी खुणा पेरल्यात, पण तिथे चक्क जोरात वाजवायला सांगितलंय. म्हणजे हळू तुमचं? की आणखी कुणाचं, आणि तुम्हीही माझ्यासारखंच लिहिलंय म्हणून पाळत आलात? डोकं चालेना. शेवटी कोरी घेतली. घरी लेक वाजवत होती, मी शेजारी बसून एकदा वाजवून दाखवलं, तर म्हणाली, "आई, इथे तू हळू का करतेस? कुठे लिहिलंय?" मी म्हटलं, माझ्या बाईंनी सांगितलंय. खरं की खोटं, मला माहीत नाही.

तिसरी आवृत्ती काउंटरवरच होती. ती मी उघडलीच नाही. त्यात ती खूण छापलेली निघाली असती तर.