रस्ता वाचून दाखवणाऱ्या प्रशिक्षणार्थीची नजर शाबूत असल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य प्रशिक्षण अधिकारी,
चालक प्रशिक्षण विभाग, लांब पल्ल्याची मालवाहतूक,
मुख्य डेपो, दुसरा मजला.

विषय : माझे डोळे अधू असल्याचा दाखला रद्द करून मला चालक म्हणून उत्तीर्ण करणेबाबत.

संदर्भ : १) माझा तक्रार अर्ज. २) त्यावर माझ्याच हस्ताक्षरात गेलेला खुलासा. ३) आपले पत्र, ज्यात ‘विचार करता येणार नाही’ हे वाक्य चुकून दोनदा छापले गेले आहे.

महोदय,

सविनय सादर करतो की, मी आपल्या कंपनीत ट्रेलरवरील शिकाऊ चालक म्हणून रुजू झालो तेव्हा माझे दोन्ही डोळे चांगले होते आणि आजही आहेत. कागदोपत्री मात्र ते गेले आहेत. या महिनाअखेर माझे नाव चालकांच्या यादीतून कायमचे कमी होणार असून, एकदा कमी झालेले नाव दुसरी कोणतीही कंपनी उचलत नाही, हे आपणास ठाऊक आहेच. मला गाडी चालवण्याखेरीज दुसरे काही येत नाही आणि शिकण्याची इच्छाही नाही. म्हणून अर्ज लांबला तरी तो शेवटपर्यंत वाचावा. महत्त्वाचे शेवटी आहे.

नियमानुसार नव्या चालकाने जुन्या चालकाच्या हाताखाली, त्याच्याच केबिनमध्ये राहून शिकावयाचे असते. मला जे ज्येष्ठ प्रशिक्षक मिळाले त्यांना सारा डेपो वस्ताद म्हणतो, म्हणून मीही तसेच लिहितो. आपल्या विभागाची पद्धत अशी की, शिकाऊ चालकाने गाडी चालवताना दिसेल ते मोठ्याने बोलावे. पुढे वळण आहे, डावीकडे सायकल आहे, दिवा लाल आहे, पूल बुटका आहे. त्यामुळे त्याचे लक्ष कोठे आहे ते प्रशिक्षकाला कळते. पद्धत उत्तम आहे. वस्तादांनी ती फारच मनावर घेतली होती. मी चालवत असलो तरी मी बोलायचे आणि ते चालवत असले तरी मीच बोलायचे. गाडी उभी असली तरी बोलायचे. खाणावळीत शिरताना पायरी किती उंच आणि कोणते टेबल रिकामे, हेसुद्धा मीच सांगायचे. “सवय मोडायची नाही लेका,” ते म्हणत, “चालक झोपेतसुद्धा बोलला पाहिजे.” मी गुरुवचन म्हणून बोलत राहिलो. घरी फोन केला तरी तोंडातून आपोआप निघे की समोर भिंत आहे. पत्नीने एकदा विचारले, “अहो, तुम्ही तिकडे नक्की चालवता की नुसतेच बोलता?” सासऱ्यांनी तर चार पाहुण्यांत सांगून टाकले की जावई बडबडीच्या नोकरीला लागले.

एके दिवशी वस्ताद चालवत असताना मला ठसका लागला. चौकातला दिवा लाल होता, माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि गाडी लाल दिव्याखालून सरळ निघून गेली. आडव्या रस्त्याने येणाऱ्या दुधाच्या टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक दाबला, म्हणून हा अर्ज लिहायला मी शिल्लक आहे. पुढे गाडी उभी करून वस्तादांनी माझ्या थोबाडीत मारली. “गप्प का बसलास? मारतोस का मला?” त्या वेळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना उजेड कळतो, मोठा आकार कळतो. पाटी, दिव्याचा रंग आणि माणूस कळत नाही. काचेला साबण फासावा तसे दिसते, असे त्यांनीच मला सांगितले, आणि सांगून झाल्यावर दम भरला की हे बाहेर गेले तर तू जन्मभर शिकाऊच राहशील. या शब्दाला ते पुरेपूर जागले.

त्यानंतर गाडी बहुतेक वेळ मीच चालवत असे. डेपोचे फाटक आले की मात्र ते चाक हाती घेत, म्हणजे पहारेकऱ्याला तेच चालवताना दिसावेत. मी शेजारून ओठ न हलवता डावी, थोडी डावी, सरळ, असे पुटपुटत असे. वस्ताद फाटकातून एखाद्या राजासारखे आत शिरत आणि पहारेकरी त्यांना सलाम ठोके. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. येथे दळतही मीच होतो आणि पीठ कोण खात होते ते आपण जाणता.

प्रशिक्षणाची प्रत्येक फेरी संपली की प्रशिक्षकाने शेरा लिहावयाचा असतो. वस्ताद तो तोंडी सांगत आणि लिहून घेण्याचे काम अर्थातच माझ्याकडे असे. “प्रशिक्षणार्थी कष्टाळू आहे, परंतु आत्मविश्वास कमी. मुदत वाढवावी.” पुढच्या फेरीला, “आत्मविश्वास फाजील. मुदत वाढवावी.” तिसऱ्या फेरीला त्यांना कारण सुचेना, तेव्हा त्यांनी मलाच विचारले, “तुझ्यात आणखी काय खोट आहे रे?” मी विचार करून सांगितले की उलटी गाडी घेताना मी घाबरतो. तेही त्यांनी घातले. तीन वेळा नापासाचा शेरा मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिला. त्या जागी मी वेगळे काही का लिहिले नाही, असे आपण विचाराल. त्या वेळी माझ्या मनात तसे आलेही नाही.

अखेर मी आपणाकडे तक्रार अर्ज केला. आपण तो ‘अभिप्रायार्थ’ म्हणून वस्तादांकडेच पाठवला. लिफाफा डेपोच्या खिडकीवर मिळाला. वस्तादांनी तो केबिनमध्ये माझ्या हाती दिला आणि उशीला टेकून म्हणाले, “वाच.” महोदय, मी माझीच तक्रार त्यांना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचून दाखवली. ‘हा मनुष्य रस्त्यावरील सर्वांच्या जिवाला धोका आहे’ ही ओळ मी घाईघाईने उरकली, तर ते म्हणाले, “नीट वाच, चांगलं लिहिलंय.” मग त्यांनी खुलासा सांगितला आणि मी लिहून घेतला की, तक्रार धादांत खोटी असून प्रशिक्षणार्थीला नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या आहेत, तरी त्याचे डोळे तपासावेत. खाली त्यांनी सही केली. आपले उत्तर आले की, मागील सर्व शेरे व खुलासा अर्जदाराच्याच हस्ताक्षरात असल्याने ते त्यास मान्य आहेत असे समजण्यात येते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजले.

डोळे तपासण्याचा आदेश निघाला. वस्तादांची वार्षिक तपासणीही त्यांनी त्याच दिवशी लावून घेतली. कंपनीच्या दवाखान्यात खोली एकच आहे. एकजण तक्त्यावरची अक्षरे वाचतो आणि दुसरा मागच्या बाकावर बसतो. मला आधी बोलावले. मी मनात म्हटले, आज म्हातारा सापडला. मी वाचीन तेच हा पाठ करून म्हणणार. म्हणून तिसऱ्या ओळीपासून मी मुद्दाम सारी अक्षरे चुकीची वाचली. कंपाउंडरने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले आणि काही लिहिले. मग वस्ताद खुर्चीत बसले आणि त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला, सर्वांत खालची बारीक ओळसुद्धा, जी मला खरोखरच थोडी अवघड जाते. बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून ते हसले. “अरे वेड्या, इथला तक्ता कधी बदललाय का? तुझ्या जन्माआधीपासून पाठ आहे मला.” हात दाखवून अवलक्षण करून घेतले ते असे.

त्या दाखल्यावरून मला गाडी चालवण्यास मनाई झाली. परंतु कंपनीने माझी दया येऊन मला कामावरून काढले नाही. वस्तादांच्या शिफारशीवरून मला त्यांच्याच गाडीवर क्लीनर नेमले. आता गाडी ते चालवतात आणि अधू दृष्टीचा मी त्यांना रस्ता सांगतो. बोलताना चुकलो तर पाण्याची बाटली डोक्यात बसते. आवाज चढला तर रात्रीचे अंथरूण केबिनबाहेर. “आता कायमचा माझाच झालास,” असे ते चांगल्या मनःस्थितीत असले की म्हणतात. पत्नीला मी अजून सांगितलेले नाही. मी कोणती गाडी चालवतो ते तिने शेजारणींना सांगितले आहे, रंगासकट.

फेरतपासणीसाठी मी पुन्हा विनंती केली असता आपल्या वरील पत्रात कळवण्यात आले की, विचार करता येणार नाही. तथापि प्रशिक्षकाने स्वतः सहीनिशी लेखी दिल्यास मात्र करता येईल. आपल्या सूचनेचा मी पुष्कळ विचार केला. काल मी वस्तादांपुढे दोन कागद ठेवले. एक माझ्या रजेचा अर्ज होता आणि तो मी जसाच्या तसा वाचला की, आई अत्यवस्थ आहे, आठ दिवस रजा मिळावी. दुसऱ्या कागदाबाबत मी सांगितले की ही त्याचीच प्रत आहे. त्या कागदावर लिहिले आहे की, ‘मला पाटी, दिवा व माणूस दिसत नाही. माझ्या शिकाऊ चालकाची नजर उत्तम असून तीन फेऱ्या गाडी त्यानेच चालवली आहे.’ सही कोठे करावयाची ते मी त्यांचे बोट धरून दाखवले. हा कागद सोबत जोडला आहे. वाचता येत असते तर कोणत्याही शहाण्या माणसाने यावर सही केली नसती, त्यामुळे वेगळ्या पुराव्याची गरज नसावी.

सही करून त्यांनी पेन माझ्या हाती परत दिले. मग म्हणाले, “आई आहे तोवर जाऊन ये बाबा. मला ना घर ना दार. ही केबिन आहे नि तू आहेस.” आणि विचारले, “ओळीवर आली ना रे सही?” मी होय म्हणालो. ती ओळीवरच आली आहे, आपण पाहालच. माझी आई ठणठणीत आहे. मला वाईट वाटले, हे मी लपवत नाही. परंतु यादीतून नाव जाण्याचे त्याहून अधिक वाटते.

आता तातडीबद्दल. वस्तादांची गाडी सोमवारी पहाटे माल भरून निघते. माझ्या रजेपुरता त्यांना गोदामातला एक माणूस बदली क्लीनर म्हणून दिला आहे. त्याच्याशी मी चहाच्या टपरीवर बोललो. म्हणजे मीच बोललो, तो मान हलवत होता, कारण तो जन्माचा मुका आहे. वस्तादांना मी हे सांगितलेले नाही, कारण मग त्यांनी रजा दिली नसती आणि सहीही. आपणास दूरध्वनी करावा, तर तोंडी माहिती विचारात घेतली जाणार नाही असे आपल्या पत्रात स्पष्ट आहे. म्हणून हा अर्ज आजच आपल्या कार्यालयाबाहेरील पेटीत टाकत आहे. पेटी सोमवारी अकरा वाजता उघडली जाते, अशी पाटी तिच्यावर आहे. ती मी दहा पावलांवरून वाचली. तरी शक्य झाल्यास आपण पेटी त्याआधी उघडावी, आणि शक्य न झाल्यास माझा दाखला तरी रद्द करावा.

सोबत : १) प्रशिक्षकांचे सहीचे निवेदन. २) दृष्टी अधू असल्याचा दाखला, रद्द करण्यासाठी. ३) मंजूर झालेला रजेचा अर्ज. आईच्या आजाराचे प्रमाणपत्र जोडलेले नाही.

आपला नम्र व दोन्ही डोळ्यांनी पाहणारा,
शिकाऊ चालक (हल्ली क्लीनर)
चालक विश्रांतिगृह, खिडकीजवळची खाट
शनिवार, कार्यालय बंद झाल्यानंतर