बेकायदा हळदीकुंकू

१६ जानेवारी १९८४, सोमवार

तुळसीला कामावरून काढली! का, तर खोकते! उदबत्तीच्या कारखान्यात वर्षानुवर्षं मसाल्याची पूड नाकातोंडात गेल्यावर माणूस खोकणार नाही तर काय भजन म्हणणार? शेषगिरी मॅनेजर म्हणतो, "गिऱ्हाइकं येतात, बरं दिसत नाही." स्वतः दिवसभर तपकीर ओढून शिंकतो, ते बरं दिसतं! पॅकिंगच्या आम्ही सगळ्या पेटलोय.

१७ जानेवारी

लष्कर मोहल्ल्यात युनियनच्या शंभूरावांकडे गेलो. पंखा एक, तोही त्यांच्यावर. "सुम्ने, गप्प बसा," म्हणाले. "पगाराची बोलणी लेबर ऑफिसरपुढे चालू आहेत. मध्येच काम टाकलंत तर संप बेकायदा. युनियनवर येऊ देणार नाही मी — आमचा संबंध नाही म्हणून लिहून देईन. नोकरी गेली तर ज्याची त्याने बघायची."

वर्गणी घेताना मात्र संबंध असतो! जळ्ळी मेली ती युनियन.

भीती वाटते, खोटं कशाला बोलू. हे गेल्यापासून घर माझ्याच हातांवर चाललंय. पण तुळसीला तोंड कसं दाखवू?

१८ जानेवारी

दोसे घालताना सुचलं. संक्रांत नुकतीच झाली, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. आम्ही काम कुठे टाकलं? हळदीकुंकवाला बसलो! अडवून दाखव म्हणावं!

२० जानेवारी

झालं! काम ठेवून सगळ्या गेटबाहेर. सतरंजी, करंडा, तिळगुळाच्या जागी एळ्ळु-बेल्ल्याच्या पुड्या — सगळं साग्रसंगीत. दुपारपर्यंत एक खोकं भरलं नाही. शेषगिरी लालबुंद. "संपकरी ओळखायला" म्हणून फोटोवाला आणला. अय्यो, या बायका पदर सारखे करून बसल्या!

तेवढ्यात समोरच्या घरातून सीतालक्ष्मीबाई आल्या — शेषगिरीची बायको! दारातलं हळदीकुंकू, सवाष्ण न येऊन कशी राहील? मधोमध बसल्या. फोटो निघाला.

मी गेटपाशी उभी. विधवेला कुंकवाचं काय काम? सगळं मीच सुचवलेलं, तरी "अक्का, ये" असं कुणी म्हटलं नाही. जरा लागलं मनाला. पण शेषगिरीचं तोंड बघून पोटभर हसले.

२३ जानेवारी

फोटो धुऊन आला. संप म्हणावा तर मधोमध मॅनेजरची बायको! मालकांना काय सांगणार, कपाळ? दुपारी बोर्डावर लागलं — तो समारंभ होता, संप नव्हता, समारंभातल्या कोणावरही कारवाई नाही. तुळसीही परत! सीतालक्ष्मीबाईंनी घरी चांगली हजेरी घेतली असणार.

शंभूराव पेढे घेऊन आले. "युनियनचा विजय!" म्हणाले. पेढा खाल्ला. पेढ्याशी माझं भांडण नाही.

२५ जानेवारी

नोटीस आली. मला एकटीला. "समारंभात सहभाग नसताना काम सोडून गेटवर उभ्या. बेकायदा संप. कामावरून का काढू नये?"

डोकं कुणाचं होतं ते शेषगिरीला पक्कं ठाऊक. आणि फोटोत मी नाही! कपाळाला कुंकू लागलं त्यांचा समारंभ. माझं कोरं, म्हणून माझा संप!

शंभूरावांकडे गेले. "एकटीचा संप? यात युनियनचा संबंध येत नाही," म्हणाले. एरवी हसले असते. घरी येऊन खूप रडले.

२७ जानेवारी

तुळसी आली, धापा टाकत, खोकत. "सगळ्या शेषगिरीसाहेबापुढे जाऊन सांगून आलो, अक्का. ते हळदीकुंकू नव्हतं. संपच होता. आमची नावं लिहा."

मूर्ख बायका! हातात आलेली नोकरी —

पहिलं नाव सीतालक्ष्मीबाईंनी आपलं घालायला लावलं.