खोट्याच्या दिवशी ताट न्हाई

६ जुलै, रविवार

उपासनेला जायचं न्हाई! पंडितचा हुकूम. पोटचं पोरगं मलाच दारात अडवतं. म्हणलं, "कावून?" तर म्हणे, "आई, चौकशीचा साहेब कोणत्याबी दिवशी टपकंल. तुला तिथं टाळ्या वाजवताना पाहिलं की ऋतुजाची सीट गेली."

ऋतुजा त्याची लेक, माझी नात. अंबाजोगाईला नर्सिंग शिकती. सीट जातीच्या सवलतीतली. दाखल्यावर आमी हिंदू, घरात तीन पिढ्या ख्रिस्ती. ख्रिस्ती म्हणलं की सवलत बंद — असा कायदा. आता पडताळणीवाले घरी येऊन बघणार. देव कोणता, लग्न कसं लावता, मयत कुठं नेता. पंडितनं दोनदा समजावलं, जशी मी शेंबडी पोर हाय.

ओट्यावर बसून गाणी ऐकली. पत्र्याच्या प्रार्थनाघरातून सगळं ऐकू येतं. पाळक सुरात कधीच न्हवते, आजबी न्हाई.

७ जुलै, सोमवार

सून बबिता शेजारच्या साखराबाईकडून खंडोबाची तसबीर घेऊन आली. उसनी! साखराबाई मागनं ओरडली, "साखर नेता ती निम्मी परत देता. देव तरी सबंध आणून द्या!"

मला हसू फुटलं. मग भिंतीकडं बघितलं. क्रूस काढून त्याच खिळ्याला तसबीर अडकवलेली. नवा खिळा ठोकायचाबी कंटाळा.

८ जुलै

गुडघा दुखतो. पंडित म्हणतो, बरंच झालं, घरात बस.

९ जुलै, बुधवार

पंडित पहाटंच कबरस्तानात गेलता. बापाच्या कबरीवरचा क्रूसाचा दगड उपटून पोत्यात आणला. माझ्या बाजेखाली सरकवला. "चारच दिवस, आई." म्हणलं, "बापाला इचारलं का?" डोळे पुसत होता. पुसू दे.

दुपारी पाळक आले. "सत्यशीलाबाई, धीरानं साक्ष द्या. आज्ञा पाळणाऱ्यावरच देवाची मर्जी ऱ्हाती." ह्यांची पोरगी पुण्याला फी भरून शिकती! म्हणलं, "ऋतुजाची फी तुमी भरा, साक्ष मी आत्ता देते." चहा न घेताच गेले.

पण बोलले ते खरंच हाय, त्याचाच राग आला. तेच तर मी जन्मभर बोलत आले. आमच्या घरात माझा एकच कायदा — खोटं बोलल्या दिवशी ताट न्हाई. सहा वर्षांची ऋतुजा सांडलेल्या दुधावरून खोटं बोलली, तिला उपाशी ठेवली. बबिता आठ दिवस माझ्याशी बोलली न्हाई.

आता त्याच पोरीपायी मी खोटं बोलू? न्हाई बोलले तर ती लोकाच्या रानात खुरपं धरंल, आणि त्यात हात माझा असंल. बोलले तर वर गेल्यावर कोणतं तोंड दाखवू? इकडं भिंत, तिकडं भिंत. मधी मी आणि हा गुडघा.

१० जुलै

देवाला म्हणलं, साहेबाची गाडी पंक्चर कर. एवढंच मागितलं.

११ जुलै, शुक्रवार

आला. तरणा, घामेजलेला, बरा माणूस. वंगाळ असता तर सोपं गेलं असतं.

"आजी, तुमचा देव कोणता?"

तसबिरीकडं बोट केलं. वाटलं, बोटावर भागंल, जीभ वाचंल. पण त्याला तोंडानं पायजे होतं.

"खंडोबा."

"वार कोणता पाळता?"

सवयीनं निघून गेलं — "रविवार!" पंडितचं तोंड पांढरं पडलं. साहेबानं मान हलवली, लिहून घेतलं. खंडोबाचाबी रविवारच निघाला! मला काय ठाऊक! देवानं धरायच्या जागी मला सोडून दिलं. धरलं असतं तर बरं झालं असतं.

"आजोबांचं दहन केलं का दफन?"

मी बाजेवर. बाजेखाली दगड.

"जाळलं," म्हणलं.

पोहे खाऊन, माझ्या पाया पडून गेला. पंडित म्हणला, "सुटलो!"

सांजच्याला बबितानं ताट वाढलं. "खावा आत्याबाई, पोरीचं भलं केलंत." ताट सरकवलं. कायदा माझाच हाय.

१२ जुलै, शनिवार

सकाळी ऋतुजाचा फोन आला. काल तिलाबी बीडच्या ऑफिसात बोलावलं होतं. हेच सवाल. पोरीनं सगळं खरं सांगितलं, सही करून आली. सीट गेली. पंडित फोनवरच ओरडत सुटला. मी फोन हिसकून घेतला.

"आजी, मी काल जेवले. तू जेवलीस?"

"न्हाई," म्हणलं.