उंचीप्रमाणे रांग

२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

ताईचे आशीर्वाद आणि प्रभूत सलाम. पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतोस आणि लिफ्ट बसवायला तिच्या खड्ड्यात उतरलास की तेही ऐकू येत नाही. म्हणून हा कागद. आता याला ‘हं’ म्हणून दाखव.

तुझ्या लेकीनं माझ्या डोक्याचा पार भुगा केलाय. मे महिन्यात बिशपसाहेब दृढीकरणाला येणार आहेत आणि माझ्या शनिवारच्या वर्गातली बाकीची मुलं मुकाट्यानं पाठांतर करतात. ही वकीलीणबाई मात्र प्रश्न विचारते. मी वर्गात सांगितलं की तुम्ही तान्ही होतात तेव्हा बाप्तिस्म्याला तुमच्या वतीनं आम्ही ‘होय’ म्हटलं, आता ते तुम्ही आपल्या तोंडानं म्हणायचं, म्हणजे दृढीकरण. यावर ती म्हणाली, मला न विचारता माझ्या वतीनं बोललातच कशाला? मी म्हटलं, तुला तेव्हा दात नव्हते आणि तू माझ्या नव्या ब्लाउजवर लाळ गाळत होतीस. सगळा वर्ग हसला, ती नाही हसली.

आता मुद्द्याचं. प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस साक्षीदार म्हणून उभं राहतं, खांद्यावर हात ठेवतं, हे तुला आठवत असेल. मी तिची बाप्तिस्म्याची धर्ममाता, तेव्हा मीच उभी राहणार असं मी धरूनच चालले होते. तर काल तिनं जाहीर केलं की माझ्यामागे बाबा उभे राहतील, नाहीतर मी उभीच राहणार नाही. पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, हरकत नाही, फक्त साक्षीदाराचं स्वतःचं दृढीकरण झालेलं हवं.

आणि तुझा पराक्रम तर अख्ख्या मंडळीला ठाऊक आहे. तुझ्या दृढीकरणाच्या दिवशी बिशपांनी प्रश्न विचारला, तू तोंड उघडलंस, आतून उचकी आली, मग दुसरी, मग तिसरी, आणि तू झग्यासकट बाजूच्या दारातून पसार. झगा दुसऱ्या दिवशी सायकलच्या कॅरिअरवर सापडला. म्हणजे नियमानं तू अजून त्या बाकावरच बसलेला आहेस. बोल, काय करायचं? पोरांच्या रांगेत तुझंही दृढीकरण उरकायचं?

तुझी बायको रात्रपाळीला जाता जाता म्हणाली, त्याला लिहा, पण तो टाळेल. तिचं म्हणणं खोटं पाड.

तुझ्यावर रागावूनही माया करणारी,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र माझ्या खोलीतल्या वायरमननं माझ्याआधी वाचलं आणि आता सगळे मला ‘उचकीशेठ’ म्हणतात, त्याबद्दल आभार.

ताई, जमणार नाही. चाळिशी उलटलेला माणूस त्या पोरांच्या ओळीत पांढरा झगा घालून उभा राहिला तर लोक काय म्हणतील? शिवाय इथं काम ऐन रंगात आलंय, मालक रजा देणार नाही. शिवाय गुडघा दुखतो. तू म्हणशील ही सगळी निमित्तं आहेत. आहेतच.

खरं सांगतो. माझा विश्वास नाही असं नाही. रोज लिफ्टच्या केबिनच्या छपरावर चढायच्या आधी मी डोळे मिटून त्याचं नाव घेतो, मगच दोरावर भरवसा ठेवतो. पण चारचौघांत ते तोंडानं म्हणायचं म्हटलं की ती उचकी आठवते. बाराव्या मजल्यावर लटकताना कधी उचकी लागली नाही, आणि आत्ता हे लिहिताना एक लागली. पोरीसमोर माझी पुन्हा तशी फजिती झाली तर ती आयुष्यभर ते विसरणार नाही. तूच उभी राहा मागे. तिला समजाव.

लोभ असू दे, आणि टोमणे थोडे कमी कर.
तुझा धाकटा

१९ फेब्रुवारी

ती. बाबांना,

सा. न. वि. वि. आत्यानं तुमचं पत्र मला दाखवलं नाही, पण शिवणयंत्राच्या खाली ठेवलं, म्हणजे दाखवल्यासारखंच. माझी बाजू मांडते.

एक तर उचकी म्हणजे नकार नव्हे. बिशपांचा प्रश्न झाला, तुमचं उत्तर झालंच नाही, म्हणजे तुमचं प्रकरण अजून चालू आहे. वयाची अट कुठे लिहिलेली नाही, मी पाळकसाहेबांना विचारलं. ते आधी हसले आणि मग त्यांनी पुस्तक उघडून खात्री केली.

दुसरं म्हणजे, मलाही भीती वाटते. आत्याला वाटतं मी वाद घालते. पण ‘होय’ म्हटलं की ते माझं होणार, मग कुणावर ढकलता येणार नाही, म्हणून मी आधी विचारून घेते. तुम्ही मला एकदा लिफ्टच्या छपरावर उभं केलं होतंत, आठवतं? तुमचा हात खांद्यावर होता म्हणून मी खाली बघितलं. तो हात हवाय. आत्याचा हात चांगला आहे, पण त्यात कायम टाचण्या असतात.

आई म्हणते तुमचा गुडघा अगदी ठणठणीत आहे.

उत्तराची वाट बघणारी,
तुमची लेक

२७ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझ्या वकीलीणबाईनं मला चारी मुंड्या चीत केलं. येतो. धडे पाठव. माप सोबत जोडलंय: छाती एक हजार चाळीस, उंची सतराशे नव्वद.

वर्गातल्या पोरांना सांगू नकोस, त्यांना दिसेलच.

तुझा (आता विद्यार्थी) धाकटा

८ मार्च

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तुझं माप वाचून मला वाटलं तू हत्ती झालास की काय. मग कळलं, तू मिलिमीटरमध्ये दिलंयस. मी शिंपीण आहे, सळया मोजत नाही. तरी इंच काढून कापड कापलं, एका झग्यात दोन पोरं मावतील इतकं लागलं.

सोबत प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार आणि दहा आज्ञा. सगळं पाठ हवं. आज्ञांचा क्रम चुकवायचा नाही, तू लहानपणी आईबापांचा मान राखायची आज्ञा दर वेळी गाळायचास आणि ते मी आईला सांगायची.

मुलांना मी काही बोलले नाही. तुझ्या लेकीनंच सांगितलं, आणि कसं, तर मान ताठ करून. एकानं विचारलं की तुझे बाबा नापास झाले होते का. ती म्हणाली, नाही, ते गैरहजर होते.

तुझ्या पाठांतराची काळजी वाहणारी,
ताई

३ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पाठांतर झालं, पण इथं भलतंच घडलं. खोलीवर वायरमन हसतो, म्हणून मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरून आज्ञा म्हणत होतो. तिथं आवाज घुमतो आणि सगळ्या मजल्यांवर जातो, हे इतकी वर्षं हेच काम करून माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी जोर लावून ‘चोरी करू नको’ म्हटलं, आणि पाचव्या मजल्यावरच्या रखवालदाराच्या हातून डबा पडला. त्यानं दुसऱ्या दिवशी गोदामात नवे दिवे परत आणून ठेवले. कुणी विचारलंही नव्हतं. आता तो माझ्याशी फार अदबीनं बोलतो आणि लिफ्टच्या दारापाशी टोपी काढतो.

रजा मिळाली, पण मोजकीच. दृढीकरणाच्या रविवारी सकाळच्या गाडीनं उतरून थेट चर्चमध्ये येईन. सरावाला येणं होणार नाही. तू सांगशील तिथं उभा राहीन. उचकीवर तुझ्याकडे काही औषध आहे का?

भीतीनं अर्धा झालेला,
तुझा धाकटा

१४ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. सुखरूप पोचलो. गाडीत बसल्यापासून एकच विचार डोक्यात आहे. तू हे मुद्दाम केलंस का?

सगळी खटपट कशासाठी, तर मी पोरीमागे उभा राहावं म्हणून. मी धापा टाकत आलो, तू झगा अंगावर चढवलास आणि रांगेच्या टोकाला ढकललंस. सगळ्यांत बुटका पहिला, सगळ्यांत उंच शेवटी. पोरीचा नंबर तिसरा. तिचं नाव पुकारलं तेव्हा मी अजून त्या बाकावरचाच, तिच्यामागे उभं राहायचा हक्कच नाही. पाळकसाहेब गोंधळून इकडेतिकडे बघतायत, तोवर तू अशी चपळाईनं पुढे झालीस की मी बघतच राहिलो. तिनं वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं, आता ही उठून जाते. पण तिनं मान हलवली आणि खणखणीत ‘होय’ म्हणाली. ताई, इतकी मोठी कधी झाली?

मग माझी पाळी. गुडघे टेकले, आणि उचकी वर सरकायला लागली. माझ्यामागे तू येशील असं धरून चाललो होतो. तर पोरगी पाळकसाहेबांना हळूच म्हणाली की माझं दृढीकरण मघाशी झालंय, आता नियमानं मी साक्षीदार होऊ शकते. बिशपसाहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि मान डोलावली. खांद्यावर हात पडला. इवलासा, पण असा दाबलेला की हलायची सोय नाही. आणि मी म्हणालो, “होय, स्वीकारतो.”

फक्त शेवटी ती एक उचकी निसटलीच, कधी ते मला कळलंही नाही. साऱ्या चर्चला ऐकू गेली. तेवढ्याची लाज वाटते.

तुझा, आता कुठे मोठा झालेला,
धाकटा

२२ मे

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. मुद्दाम कसलं? झगे दांडीवर लांबीप्रमाणे टांगलेले असतात आणि पोरं त्याच क्रमानं उभी राहतात, माझ्या हातात वर्ग आल्यापासून हेच चाललंय. तुझ्या डोक्यात आलं नाही, माझ्याही आलं नाही. मात्र तिच्या खांद्यावर हात ठेवायला मिळाला याचं मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. टाचण्या आधीच काढून ठेवल्या होत्या.

झगा धुऊन ठेवलाय. या वेळी दुसऱ्या दिवशी शोधावा लागला नाही.

आणि एक गोष्ट तुला दिसली नाही, कारण ती तुझ्या पाठीमागे घडली. मी बाजूलाच उभी होते. बिशपसाहेबांनी तुला प्रश्न विचारला तेव्हा पोरगी पांढरीफटक पडली होती. स्वतःच्या वेळी जी डगमगली नाही, तिनं तुझ्या वेळी डोळे गच्च मिटले, श्वास कोंडून धरला, तू ‘होय’ म्हणालास आणि मगच सोडला. तू अगदी स्वच्छ बोललास, धाकट्या. ती उचकी तिची होती.

तिचा हात अजून खांद्यावर आहे असं समजून राहा, आणि पुढच्या सुट्टीत सरळ घरी ये.

तुझी,
ताई