हातावेगळं न झालेलं काम

आप्पा,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी बोलावं असं पुष्कळदा वाटलं, पण दर वेळी मध्येच दुसरं काहीतरी सुचलं आणि राहून गेलं. तुम्हाला हे समजावून सांगायला नको. आता माझ्या ऑफिसात एक बाई कामाला येतात, जयसिंगपूरहून, रोज एसटीनं. घरांचे नकाशे मी काढते, बाकीचं त्या बघतात: फोन, भेटीच्या वेळा, गवंड्यांना आठवण करून देणं, तयार झालेलं पाठवणं. त्या आल्यापासून तुमचं उद्यमनगरातलं शेड सारखं डोळ्यांपुढं येतंय.

फौंड्रीत पंपांचे भाग ओतायच्या साच्यांसाठी लागणारे लाकडी नमुने, पॅटर्न, तुम्ही करायचात. कागदावरचं ड्रॉइंग एकदा बघितलं की अख्खा पंप तुम्हाला दिसायचा. शाळा सुटल्यावर मी भुशाच्या पोत्यावर बसलेली असायची. असाच एक दिवस. एक फौंड्रीमालक दारातूनच ओरडत येतात, "काय वो, माझं काम थांबलंय तिकडं, पॅटर्न कुठं हाय?" तुम्ही फळीकडं बोट दाखवता. पॅटर्न तिथंच असतो, रंग वाळलेला, वर धूळ बसलेली. "तयार हाय की," तुम्ही म्हणता. "मग पोचवला का न्हाय?" तुम्ही हातानं पॅटर्नवरची धूळ पुसायला लागता. का पोचवला नाही ते तुमचं तुम्हालाही कळत नाही, हे मला तुमच्या चेहऱ्यावर दिसतं. त्यांनी पॅटर्न उचलला आणि पुन्हा काम दिलं नाही. एकेक करून सगळे असेच गेले. हातात कला आहे पण माणूस बेभरवशाचा, असं लोक म्हणायला लागले.

त्याच सुमाराला आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मी येऊन बसते की शेडवर. फोन घेते, कुणाचं कवा द्यायचं ते बघते. तुमी निस्तं लाकूड बघा." तुम्ही ताट सरकवलंत. "बायकूच्या जिवावर धंदा करतोय म्हणतील. माझं मला जमतंय." जमत नव्हतं, आप्पा. शेड बंद झालं, तुम्ही दुसऱ्याच्या कारखान्यात जायला लागलात आणि घरात तुमचं बोलणंच कमी होत गेलं.

माझ्या आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेला मी ड्रॉइंगचं सगळं सामान बसमध्ये विसरले, तेव्हा तुम्ही स्कूटरवरून बसमागं गेलात. घामेजून परत आलात, परीक्षेच्या केंद्राच्या फाटकापाशी पिशवी हातात दिलीत आणि म्हणालात, "माझ्यावर जाऊ नगंस, बाई." मला वाटलं तुम्ही माझ्यावर चिडलात. त्या एका वाक्यासाठी मी कितीतरी वर्षं तुमच्यावर रुसून होते.

मग माझ्या लेकाच्या शाळेतून तक्रारी आल्या. त्याला दाखवायला गेले आणि डॉक्टरबाई मलाच प्रश्न विचारायला लागल्या. पुढं माझीही रीतसर तपासणी झाली. एडीएचडी म्हणतात त्याला. त्या म्हणाल्या, हा आळस नव्हे. काम येतं, पण सुरुवात करणं, लक्षात ठेवणं, शेवटचं टोक गाठणं, तिथं मेंदू अडखळतो. औषध दिलं आणि सांगितलं, "जे जमत नाही त्यावर रोज डोकं आपटू नका. कुणाकडं तरी सोपवा." मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरात आणखी कुणाला? वडील?" मी औषधाची चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली.

तरी माणूस ठेवायला मी पुष्कळ दिवस घालवले. माझं मला जमतंय, असंच म्हणत होते. शेवटी या बाई आल्या. तेव्हा कोडोलीच्या एका घराचा नकाशा माझ्याकडं पडून होता आणि त्या लोकांचा फोन घ्यायची मला भीती वाटायची. बाईंनी तो उघडून बघितला. "मॅडम, ह्यो तर पुरा झालाय की."

"हो."

"मग पाठवू?"

"पाठवा."

एवढंच. का राहिला, असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. पाठवला आणि चहा सांगायला गेल्या. मी आत जाऊन दार लावून रडले. सुरुवातीला त्यांना दिलेली कामं मी परत ओढून घ्यायची, काही सांगायचीच विसरायची. आता रोज सकाळी त्या समोर बसतात आणि माझ्या डोक्यातलं सगळं बाहेर येईपर्यंत विचारत राहतात. चुका अजून होतात, त्यांच्याही आणि माझ्याही. पण दिवसभर मला नुसता नकाशा बघता येतो, आणि संध्याकाळी लेकाशी बोलताना लक्ष दुसरीकडं पळत नाही. हे सुख तुम्हाला मिळालं असतं, आप्पा. शेडमध्ये आईपुरती एक खुर्ची मांडायची होती फक्त.

आई अजून म्हणते, "त्यांनी मनावर घेतलं न्हाय, न्हायतर काय कमी हुतं?" माझ्या दुखण्याचं मी तिला सांगितलंय. परवा भाजी निवडताना तिनं एकदम विचारलं, "तुझ्या आप्पांचंबी असंच हुतं काय गं?" इतकी वर्षं ती तुमच्यावरच्या रागाच्या आधारानं उभी आहे. तो काढून घेतला तर तिच्यापाशी काय उरेल, याची मला भीती वाटली.

मी म्हणाले, "काय माहीत."