निळ्या गाडीतला अर्धा कप

अप्पा, तुमच्या गाडीचा एकही डबा आता कुठे शिल्लक नाही. गेल्या रविवारी मला हे कळलं, तेही जेवताना, अगदी सहज. इथे आखातात आता प्रवाशांची रेल्वे सुरू व्हायची आहे. तिचे फोटो तुमचा नातू मला मोबाइलवर दाखवत होता. मोठ्या काचा, मऊ खुर्च्या, जागेवर खाणं. मी बोलून गेले, माझ्या वडिलांची गाडी याहून देखणी होती. "व्हॉट ट्रेन?" त्याने विचारलं. तुम्ही त्याला पाहिलंत तेव्हा तो रांगत होता. आता तिशीला आलाय आणि त्याला आजोबांची गाडी माहीत नाही, कारण मी ती कधी सांगितलीच नाही. मी गाडीचं नाव सांगितलं, त्याने शोधलं, आणि आमटी-भात कालवता कालवता म्हणाला, "मॉम, दे स्क्रॅप्ड ऑल ऑफ देम. नॉट इव्हन वन इन अ म्युझियम." मी ताट उचलून आत गेले आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिले. तुम्ही गेलात तेव्हासुद्धा मी अशी उभी राहिले नव्हते.

मी तुमच्या आधी तुमच्या गाडीलाच ओळखायला लागले. तुम्ही जहाजावर खलाशांचा स्वयंपाक करता करता इंग्लंडला उतरलात आणि तिथेच रेल्वेत लागलात. मधे एकदा रजेवर आलात, त्यानंतर माझा जन्म. मी आठ वर्षांची होईपर्यंत वडील म्हणजे आईच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेलं एक रंगीत पोस्टकार्ड. निळी गाडी, खिडक्यांच्या रांगेला पांढरा पट्टा, नाकावर सोनेरी चिन्ह, आणि मागे हिरवं रान. आई दर शुक्रवारी ट्रंक उघडून पातळं वाऱ्यावर टाकायला काढायची, तेव्हा मी त्या गाडीच्या खिडक्या मोजायचे आणि एका खिडकीत तुम्हाला बसवायचे. गावात आमच्या सगळ्यांचे वडील मुंबईला. माझे एकटीचे निळ्या गाडीत.

मग ती गाडी बंद झाली आणि तुम्ही परत आलात. अंगणात तुम्ही उभे आहात, हातात चामड्याची बॅग, आणि मी आईच्या पाठीमागे. तुम्ही मला जवळ ओढलं नाहीत. तुम्ही म्हणालात, "चाय घेतंस?" आणि स्वतः चुलीपाशी गेलात. मला कप दिलात तो अर्धा. आल्यागेल्याला तुम्ही अर्धाच कप चहा द्यायचात. पाहुणा तो संपवीपर्यंत पुढ्यात उभे राहायचात आणि मग पुन्हा अर्धा भरायचात. गावाला त्यातलं दुसऱ्यांदा भरणं दिसलं नाही, अर्धं तेवढं दिसलं. विलायतेहून आला आणि कंजूष झाला, असं लोक तोंडावर म्हणायचे, आणि निळी गाडी ही थाप, असं पाठीमागे. तुम्ही हसून सांगायचात, "भरललो कप सांडता." ती गाडी दिसायला राणी होती, पण जोरात पळायला लागली की अशी हादरायची की बशीत चहाचं तळं व्हायचं. गाडीतल्या स्वयंपाकघरातल्या उकळत्या पाण्याने तुमच्या डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत डाग पडला होता. तो मला तुम्ही नकाशासारखा दाखवायचात. दोन काचांच्या मधे बसवलेले पडदे, पुढेमागे सरकणाऱ्या खुर्च्या, प्रत्येक टेबलावर दिवा. शेवटी शेवटी तिला राखाडी रंग दिला तेव्हा आपल्याला जेवण गेलं नाही, हे तुम्ही इतक्या गंभीरपणे सांगायचात की आई पदर तोंडाला लावायची. पण त्या खुर्चीत बसल्यावर कसं वाटतं, असं मी विचारलं की तुम्ही विषय बदलायचात.

माझं लग्न ठरवताना पुण्याच्या लोकांनी विचारलं, वडील काय करत होते? मी म्हटलं, इंग्लंडला रेल्वेत होते. त्यात खोटं काही नव्हतं, गाडीत चहा वाढायचे एवढं फक्त मी गाळलं. त्यांनी त्याचं "रेल्वेत ऑफिसर होते" असं केलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. तुम्ही मांडवात सुटाबुटात इतके ताठ उभे होतात की कुणाला शंकाही आली नाही.

त्यानंतरचं सगळं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. लग्नानंतर आम्ही इकडे आखातात आलो, करामातला तो दोन खोल्यांचा फ्लॅट, खाली उडप्याचं हॉटेल, वरती आमच्या बाल्कनीत सदा कुणाच्या तरी एसीच्या पाण्याचा थेंब. तुम्ही तीन महिन्यांच्या व्हिसावर आला होतात. सकाळी बाळाला घेऊन खाली जायचात, पठाणी टॅक्सीवाल्यांशी हिंदीत गप्पा मारायचात, वर येऊन त्यांचाच 'चला' म्हणायचा शब्द उचलून मला सांगायचात, "यल्ला, चाय." माझा नवरा त्या दिवसांत घरात बोलत नव्हता. त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. रिन्यू झालं नाही तर व्हिसा खलास, आणि आम्ही बाळासकट पुण्याला सासऱ्यांच्या दारात. ते ज्याच्या हातात होतं तो इंग्रज मॅनेजर बायकोला घेऊन शुक्रवारी दुपारी आमच्याकडे चहाला येणार होता. तुम्ही जावयाला विचारलंत, "खंयचे ते?" तो म्हणाला, ब्रिस्टॉलचे. तुम्ही एकदम सरळ बसलात. तुमची गाडी वेल्सहून लंडनला जायची आणि तिची जोडीची गाडी ब्रिस्टॉलहून. "मगे त्यांका आमची गाडी ठावक असतली," तुम्ही म्हणालात. मी कांदा चिरत होते. मी नुसतं "हं" म्हटलं.

त्या शुक्रवारी मी कटलेट तळले, केक बाहेरून आणला, बाळाला झोपवलं. बेल वाजली, ती दोघं आत आली, बसली. साहेब मोकळा माणूस होता. माझ्या नवऱ्याला म्हणाला, तुझे सासरे आमच्याकडे रेल्वेत ऑफिसर होते ना, त्यांना भेटायला मला आवडेल. नवऱ्याने ऑफिसात ती बढाई मारून ठेवली होती हे मला तेव्हा कळलं. आणि नेमके त्याच वेळी तुम्ही स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन बाहेर आलात. अंगात पांढरा कोट. तो तुम्ही बॅगेच्या तळाशी घालून आणला होता, आणि कधी इस्त्री केलात मला माहीत नाही. गुडघे किंचित वाकवून, ट्रे खांद्याच्या उंचीला, चालत्या गाडीत चालावं तसे तुम्ही आमच्या त्या चौदा फुटी हॉलमधून आलात. साहेबाची बायको कौतुकाने बघायला लागली. तिने मला विचारलं, "अँड हू इज धिस?"

माझा नवरा खाली बघत होता. मी म्हणाले, "अवर कुक."

मला वाटलं तुम्ही थांबाल. ट्रे खाली ठेवाल, माझ्याकडे बघाल. तुम्ही बाईंच्या उजव्या हाताला गेलात, अदबीने वाकलात आणि म्हणालात, "शुगर, मॅडम?" तुमचं इंग्लिश मी त्याआधी कधी ऐकलंच नव्हतं. इतकं स्वच्छ, इतकं हळू. बाई म्हणाली, कसला माणूस मिळवलायस तू, कुठे शिकला हा? मी म्हणाले, मुंबईच्या हॉटेलात. आणि माझे वडील शारजाला मित्राकडे गेलेत, सॉरी, त्यांना उशीर होईल.

साहेबाने कप हातात घेतला. अर्धा. तो त्याच्याकडे बघून हसला आणि बायकोला म्हणाला, आठवतं, मी तुला सांगायचो, ती निळी गाडी? तरुणपणी तो दोनदा लंडनला त्या गाडीने गेला होता. एवढी सुंदर गाडी आयुष्यात पुन्हा पाहिली नाही, म्हणाला, पण चहा पिणं म्हणजे सर्कस. तिथले लोक शहाणे, ते कप असाच अर्धा भरायचे. मग त्याने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तुमच्या हातात किटली होती. परत आल्यापासून पहिल्यांदा तुमच्यासमोर असा माणूस बसला होता ज्याने तुमची गाडी डोळ्यांनी पाहिली होती. गावाने जिला थाप समजलं, ती गाडी तो तुमच्या देखत खरी करत होता. एक शब्द पुरला असता. तुम्ही म्हणालात, "मोअर टी, सर?" तो "प्लीज" म्हणाला, तुम्ही पुन्हा अर्धा कप भरलात आणि आत गेलात. नंतर तुम्ही बाहेर आला नाहीत.

ती दोघं गेल्यावर मी स्वयंपाकघरात आले. कोट खुंटीला होता, तुम्ही बनियनवर कप विसळत होतात. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात तुम्हीच विचारलंत, "जावयाचा काम झाला?" मी म्हटलं, होईल, इन्शाल्ला. "बरां झाला," तुम्ही म्हणालात. "कटलेटात मीठ कमी होता गो." बस्स, एवढंच. तुम्ही मला ओरडला असतात तर मी रडले असते, आणि रडले असते तर कदाचित सगळं बोलून मोकळी झाले असते. तुम्ही मिठाचं बोललात आणि मी मिठाचंच ऐकलं.

दोन दिवसांनी त्या बाईचा फोन आला. त्यांच्याकडे पार्टी होती, तुमचा कुक एका संध्याकाळपुरता पाठवाल का? मी त्याच दुपारी ट्रॅव्हल एजंटकडे गेले आणि तुमचं तिकीट अलीकडचं करून घेतलं. तुम्हाला सांगितलं, व्हिसाचे नियम बदललेत. ते खोटं होतं. अजून सात आठवडे होते तुमचे. तुम्ही पासपोर्ट उघडून शिक्का पाहू शकला असतात, तुम्हाला वाचता येत होतं. तुम्ही म्हणालात, "तुझी आई एकटी असा थंय, जातंय." विमानतळावर बाळ तुमच्या कॉलरला धरून सुटत नव्हतं. मी त्याचं एक एक बोट सोडवलं. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. आम्ही नंतर मोठं घर घेतलं, अल नहदामध्ये, बाराव्या मजल्यावर. तुम्ही ते पाहिलं नाहीत, कारण पुढच्या पावसाळ्याआधीच तुम्ही गेलात. मला तिकीट मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

बाराव्याच्या दिवशी आईने ट्रंक उघडली. पांढरा कोट वरतीच होता. मी म्हटलं, हा घालूनच वाढायचे ना ते गाडीत? आईने कोट उचलून मांडीवर घेतला. "खंय गो," ती म्हणाली, "अकरा वर्सां ते गाडीतल्या सैपाकघराच्या दाराच्या आतच रवले. भांडी धुवी. त्यांच्यासारख्या रंगाच्या माणसाक भायर वाढूक पाठवी नाय." गाडी कायमची बंद व्हायच्या आदल्या फेरीला एक वाढपी आजारी पडला, किंवा तसं म्हणाला, आणि त्याने आपला कोट तुम्हाला घातला. म्हणाला, आज तू जा. तुम्ही एका डब्याला चहा दिलात. एकाच. एका म्हाताऱ्या बाईने "थँक यू" म्हटलं. ते तुम्ही आईला निदान शंभरदा सांगितलं होतं, आणि मला एकदाही नाही. मला तुम्ही खिडकीत बसलेलेच ठेवलंत, मी बसवले होते तसे. करामाच्या हॉलमध्ये तुम्ही आयुष्यात दुसऱ्यांदा तो कोट घालून बाहेर आला होतात, आणि मी तुम्हाला परत दाराच्या आत पाठवलं. मला सगळ्याचा मेळ त्या दिवशी, आईच्या त्या ट्रंकेपाशी लागला. आईला मी काही सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही नाही.

रविवारपासून तुमच्या नातवाने हे मनावर घेतलंय. तुमचा रंग, तुमचं नाक त्याने घेतलंय, आणि चिकाटीही. त्याने इंग्लंडमधला कुणी म्हातारा गृहस्थ शोधून काढला, जो त्या गाडीवर काम केलेल्या माणसांची यादी करतोय. त्याची मेल काल आली. गाडी वाचवता आली नाही, म्हणतो, निदान माणसं तरी लिहून ठेवावीत. तुमचं नाव विचारलंय आणि तुम्ही काय काम करत होतात ते. मुलगा ऑफिसला जाताना म्हणाला, "जस्ट रिप्लाय, मॉम, टू लाइन्स." सकाळपासून मी त्या दोन ओळींशी बसले आहे. ते होईना म्हणून हे तुम्हाला लिहायला घेतलं. हे कुठे जायचं नाही, आणि घरात मराठी वाचणारी मी एकटीच उरले आहे.

नाव लिहून झालंय, अप्पा. कामापुढे मी पहिल्यांदा "ऑफिसर" लिहिलं. आज, या वयात, हे सगळं माहीत असताना, बोटं आपोआप तिकडेच गेली. मग मी ते पुसलं. ती जागा अजून रिकामीच आहे.